वाड्यातला बोका नवव्या मजल्यावर नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सदाशिव पेठेतला जुना वाडा पुनर्विकासाला गेला आहे आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या महिन्याभरात रिकाम्या करायच्या आहेत. इमारत उभी राहीपर्यंत, म्हणजे साधारण तीन वर्षं, वाकडला नवव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला आहे. घरात पाच वर्षांचा, नसबंदी झालेला बोका आहे. दिवसभर तो अंगणात, भिंतीवर, शेजारच्या पत्र्यावर असतो. खायला आणि झोपायला घरी येतो, शी-शू बाहेर मातीत करतो. सासूबाई म्हणतात, मांजर घराचं असतं, माणसांचं नसतं, त्याला इथेच राहू द्या, कोणीतरी घालेल खायला. त्याला न्यावं की सोडावं, आणि न्यायचं तर कसं?

न्या. यात दुसरा विचार करू नका. मी प्राण्यांचा डॉक्टर आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मांजरंच जास्त असतात. पुनर्विकासाच्या जागेवर मागे राहिलेल्या मांजरांचं काय होतं, ते मी पाहत आलो आहे. वाडा रिकामा होतो तेव्हा खायला घालणारी माणसंही त्याच महिन्यात पांगलेली असतात. मग पत्रे लागतात, जेसीबी येतो. घाबरलेलं मांजर पळून जात नाही, ओळखीच्या कोपऱ्यात आणखी आत शिरून बसतं, आणि तोच कोपरा पाडायचा असतो. शिवाय पाळलेला प्राणी उपाशी राहील अशा परिस्थितीत सोडून जाणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य मात्र आहे. मांजर जागेला धरून असतं. पण जागा म्हणजे त्याच्या लेखी भिंती नव्हेत. दाराच्या चौकटीला, पलंगाच्या पायाला, तुमच्या पोटरीला ते गाल घासतं, तेव्हा गालातल्या ग्रंथींचा वास तिथे लावत असतं. आपल्याला तो येत नाही. त्या वासांवरून आणि रोजच्या ठरलेल्या वेळांवरून त्याला कळतं की आपण सुरक्षित ठिकाणी आहोत. वास आणि वेळा या दोन्ही गोष्टी टेम्पोत घालून नेता येतात. माणसांबद्दल म्हणाल, तर अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात २०१९ साली झालेल्या अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिल्लं अनोळखी खोलीत आपल्या माणसाच्या आधाराने सावरली. लहान मुलं आईजवळ सावरतात, त्याच कसोटीवर हे तपासलं होतं. तेव्हा तुमचा बोका तुमचाही आहे, हे सासूबाईंना जरूर सांगा. त्यांचं या कामात फार मोठं सहाय्य होणार आहे, ते पुढे येईलच.

आजपासूनची पहिली गोष्ट म्हणजे कॅरियर, म्हणजे मांजर नेण्याचा पिंजरा. कडक प्लास्टिकचा, वरूनही उघडणारा, बोका आत उभा राहून वळू शकेल एवढा मोठा घ्या. तो आजच आणून, दार उघडं ठेवून, बोका झोपतो त्या कोपऱ्यात ठेवून द्या. आत तुमची जुनी, न धुतलेली ओढणी घाला. आधी कॅरियरजवळ, मग दाराशी, मग आत असं त्याचं जेवण सरकवत न्या. तीन-चार आठवड्यांत बहुतेक मांजरं आपणहून आत झोपायला लागतात. निघायच्या दिवशी नवा कोरा पिंजरा समोर आणून चौघांनी मिळून त्याला कोंबलं, तर पुढचा आठवडाभर तो कोणाचाही हात लागू देणार नाही. पोत्यात घालून नेण्याची जुनी रीत तर नकोच. पोत्यात हवा कोंडते, आणि झटापटीत नखं-दात लागून माणूस आणि मांजर दोघंही जखमी होतात.

याच काळात तीन कामं उरकून घ्या. रेबीज आणि तिहेरी लस राहिली असेल तर निघण्याआधी निदान दोन आठवडे द्या. मायक्रोचिप बसवून घ्या: तांदळाच्या दाण्याएवढी असते, त्यात १५ अंकी क्रमांक असतो, आणि नोंदणीत तुमचा चालू फोन नंबर आहे ना हे स्वतः तपासा. तिसरं काम भाडेकराराचं. घरमालकाला बोक्याबद्दल आधीच सांगा, आणि पाळीव प्राण्याला परवानगी असल्याचं व खिडक्यांना जाळी बसवण्याची मुभा असल्याचं वाक्य करारात घालून घ्या. ११ महिन्यांनी करार नव्याने होईल तेव्हा हे वाक्य तुमच्या कामी येतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, नववा मजला. मांजर पडत नाही, पडलं तरी पायांवरच पडतं, असं आपण ऐकत आलो आहोत. न्यू यॉर्कमध्ये १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतली ९० टक्के जगली, हे सगळे सांगतात. पण ती दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं होती, जागीच गेलेली त्या हिशेबात नाहीत. जी जगली त्यांच्यातही फुटलेली छाती, तुटलेला जबडा, मोडलेले पाय होते. तुमचा बोका अंगणाच्या भिंतीवर वाढला आहे. कठड्यावर चढणं त्याला अगदी सहज जमतं, आणि खाली नऊ मजले आहेत हे त्याला माहीत नाही. मांजर जाणूनबुजून खाली उडी मारत नाही. कबुतरावर झेप घेताना गुळगुळीत ग्रॅनाइटवरून पाय सटकतो, किंवा कठड्यावर झोप लागून कूस बदलताना तोल जातो.

म्हणून बोका घरात पाऊल टाकण्याआधी प्रत्येक खिडकी आणि दोन्ही बाल्कन्या बंद झालेल्या हव्यात. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी यासाठी पुरेशी नाही. मांजर ती दातांनी कुरतडतं, आणि उन्हात राहून ती तशीही कुजते. बारीक चौकटीची स्टीलची जाळी लावा. स्टीलच्या तारा ताणून करतात ती ग्रिल बसवणार असाल तर दोन तारांमधलं अंतर बघा: ज्या फटीतून बोक्याचं डोकं जातं, तिच्यातून अख्खा बोका जातो. सरकत्या खिडकीची मच्छरजाळी मांजर पंजाने सहज सरकवतं, तिला खिट्टी लावा. बाथरूमच्या काचपट्ट्या आणि कोरड्या बाल्कनीतून डक्टकडे उघडणारी जागा लोक हमखास विसरतात.

नवं घर म्हटलं की आपण ते आधी स्वच्छ करतो. इथे हात आवरा. मांजराच्या यकृतात फिनॉलच्या जातीची रसायनं निकामी करणारी यंत्रणा जवळजवळ नसते, त्यामुळे फिनाईलने पुसलेली फरशी त्याच्या पंजाला लागते आणि पंजा चाटला की पोटात जाते. फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा. पेस्ट कंट्रोल करायचंच असेल तर बोका येण्याआधी आठवडाभर करून घर मोकळं, हवेशीर ठेवा. सायपरमेथ्रिनसारखी औषधं मांजराला झटके आणतात. झुरळांसाठी कपाटाच्या बिजागऱ्यांत जेल लावणं त्या मानाने सुरक्षित. कपड्यांच्या खोक्यांत आणि बेसिनच्या जाळीवर डांबराच्या गोळ्या टाकायची सवय असेल तर त्या एकूण एक काढून टाका, त्या मांजराला विषारी आहेत. ताज्या रंगाचा वास असेल तर तो जाईपर्यंत थांबा.

उलट जुन्या घरातलं काही धुऊ नका. बोका झोपतो ती गोधडी, सोफ्याचं कव्हर, तो नखं घासतो ते गोणपाट, सगळं मळकं तसंच न्या. निघण्याआधी आठ-दहा दिवस मऊ सुती फडकी त्याच्या गालांवरून, हनुवटीखालून रोज हलक्या हाताने फिरवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा. सामान लावायला नव्या फ्लॅटवर जाल तेव्हा तीच फडकी दाराच्या चौकटीला, पलंगाच्या पायांना, टेबलाच्या कोपऱ्यांना जमिनीपासून वीतभर उंचीवर घासा. बोका आत येईल तेव्हा त्याचा स्वतःचा वास तिथे आधीच असेल. गालातल्या त्या वासाची नक्कल हवेत सोडणारी, विजेवर चालणारी छोटी यंत्रंही मिळतात. परवडत असतील तर लावा, पण फडक्याचं काम चुकवू नका.

शीचा प्रश्न वाड्यातल्या मांजरांना मोठा असतो आणि तो नव्या घरी जाऊन सोडवायचा नसतो. आजच दोन ट्रे आणा, मोठे, उघडे, झाकण नसलेले. बोका अंगणात ज्या जागी उकरतो तिथलीच माती ट्रेमध्ये भरा आणि ट्रे त्याच जागेजवळ ठेवा. तो वापरायला लागला की मातीत थोडी थोडी बेंटोनाइट लिटर (मांजराच्या ट्रेसाठी विकत मिळणारी, ओल शोषणारी माती) मिसळत जा. सुगंधी नको, साधी. ट्रे दर दोन-तीन दिवसांनी दाराकडे आणि मग घरात सरकवा. निघताना त्या अंगणातली दोन पिशव्या माती सोबत घ्या. नव्या घरी पहिले पंधरा दिवस लिटरमध्ये ती मूठ-मूठ घालत राहा, मग कमी करत बंद करा. एवढं जमलं, तर नव्या घरात सोफ्यावर शू करण्याचे बहुतेक प्रसंग टळतात.

मुहूर्ताबद्दल. दसऱ्याला जाणार असाल तर वीस दिवसांनी दिवाळीचे फटाके आहेत, आणि तोवर बोका जेमतेम स्थिरावत असतो. अक्षय्य तृतीयेला उन्हाचा कहर असतो, तेव्हा प्रवास पहाटे करा आणि बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही एकटं ठेवू नका. वास्तुशांत, दूध ऊतू घालवणं, पाहुण्यांचं जेवण, हे सगळं बोका येण्याआधी उरकून घ्या. होमाचा धूर, गर्दी आणि उघडं दार त्याला एका दिवशी सोसायचं नाही. पाहुण्यांनी आणलेल्या गुच्छात लिलीची फुलं असतील तर ती घरात ठेवूच नका. लिलीचे पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची किडनी बंद पडते.

निघायच्या दिवशी पॅकर्सची माणसं यायच्या आधी बोक्याला न्याहारी न देता बाथरूममध्ये ठेवा. सोबत ट्रे, पाणी आणि उघडा कॅरियर. दाराला कुलूप लावा किंवा ठळक अक्षरात कागद चिकटवा. खरं तर आदल्या रात्रीपासूनच त्याला घराबाहेर सोडू नका. दिवसभर फिरणारा बोका नेमका टेम्पो निघताना सापडत नाही, हा प्रकार मी अनेक घरांत ऐकला आहे. सामान आधी जाऊ द्या, पलंग लागू द्या, माणसं निघून जाऊ देत. बोका सगळ्यात शेवटी.

सदाशिव पेठ ते वाकड हा तास-सव्वा तासाचा प्रवास. रिक्षा नको, एसी गाडी करा. कॅरियर मागच्या सीटवर पट्ट्याने बांधा, वर पातळ पंचा टाका, दोन बाजू झाकलेल्या असू द्या. रडतो म्हणून दार उघडून मांडीवर घ्यायचं नाही, कितीही आर्जवं केली तरी. आधीपासून फार घाबरणारा असेल तर तुमच्या डॉक्टरांना गॅबापेंटिनबद्दल विचारा. निघण्याआधी दोन-तीन तास देतात आणि त्याने भीती खरोखर कमी होते. मात्रा वजनावर आणि किडनीवर ठरते, म्हणून ती त्यांनीच ठरवायची, आणि एकदा आधी घरी देऊन बघायची. माणसांची झोपेची गोळी किंवा क्रोसिन कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते.

नव्या घरी अख्खा फ्लॅट त्याला दाखवू नका. सगळ्यात लहान बेडरूम निवडा आणि पहिले काही दिवस ती एकट्या त्याची. एका कोपऱ्यात ट्रे, दुसऱ्या टोकाला खाणं, पाणी खाण्यापासून थोडं दूर. मळकी गोधडी, गोणपाट, आणि एका बाजूने भोक पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. या खोक्याला कमी लेखू नका. नेदरलँड्समधल्या निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर २०१४ साली प्रयोग झाला. ज्यांना लपायला खोका दिला होता, त्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच स्पष्टपणे कमी झाला. लपणं हे त्याचं सावरणं आहे. पलंगाखालून ओढून काढून मांडीवर घेतलं की तुम्ही त्याचं सावरणं मोडता.

इथे सासूबाईंचं काम येतं. वाड्यात त्यांच्या ज्या वेळा होत्या त्याच ठेवायच्या. सकाळी ज्या वेळी त्या त्याला खायला घालत, त्याच वेळी, त्याच वाटीत, त्याच हाकेने. मग खोलीत जमिनीवर बसून पोथी वाचावी, भाजी निवडावी, बोक्याकडे बघू नये, बोलावू नये. तो येईल तेव्हा येईल, पाठ वळवून परत गेला तरी चालेल. नव्या जागेचा भरवसा मांजराला अशाच माणसामुळे वाटतो.

किती दिवस? बोका सांगेल. शेपूट वर करून खोलीत हिंडू लागला, खाणं नियमित झालं, दाराशी येऊन पलीकडचा वास घेऊ लागला, की रात्री घर शांत झाल्यावर दार उघडा आणि एकच खोली दाखवा. त्याच्या खोलीचं दार उघडंच राहिलं पाहिजे, कारण लिफ्टचा आवाज किंवा बेल झाली की तो तिकडे पळणार. एखादं मांजर चार दिवसांत घरभर फिरतं, एखाद्याला महिना लागतो. धीट आहे म्हणून घाई करू नका, आणि भित्रं आहे म्हणून ढकलू नका.

या काळात दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पहिली, खाणं. पहिला दिवस न खाणं समजण्यासारखं आहे. पूर्ण २४ तास काहीच खाल्लं नाही तर उकडलेलं चिकन, कोमट सूप, तीव्र वासाची मासळी देऊन पाहा. तरीही नाही खाल्लं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. उपाशी मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते आणि तो आजार जिवावर बेततो. दुसरी, लघवी. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते आणि ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊन ती बंद होऊ शकते. तो ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय, थेंबभरच येतंय किंवा काहीच येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका, त्या रात्रीच दवाखाना गाठा. एक-दोन दिवसांत प्राण जातात. म्हणून वाकडमधला रात्री उघडा असणारा दवाखाना सामान हलवण्याआधी शोधून ठेवा. आठवड्याभराने शिंका आणि डोळ्यांतून पाणी सुरू झालं तर बहुधा जुना हर्पिस विषाणू ताणाने जागा झालेला असतो. तो उपचाराने आटोक्यात येतो.

बाहेर हिंडणारा बोका आत राहील का, ही तुमची खरी काळजी असणार. राहतो. पहिले काही आठवडे रात्री दाराशी बसून ओरडेल, आणि ते ऐकवत नाही हे मला माहीत आहे. पण एकदा दार उघडलं की त्याला कळतं, ओरडल्यावर दार उघडतं. ओरडण्याला उत्तर देण्याऐवजी संध्याकाळी त्याला दमवा. काठीला दोरी आणि पीस बांधून पंधरा मिनिटं पळवा, शेवटी पीस त्याच्या हाती लागू द्या, आणि लगेच जेवण द्या. शिकार झाली, खाल्लं, अंग चाटलं, झोपलं, हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. जाळी लावलेल्या खिडकीशी उंच फळी बसवा, पुस्तकांच्या कपाटावर चढायला वाट करून द्या. त्याला जमिनीपेक्षा उंची जास्त लागते. अंगणातल्या गवताची सवय असेल तर घटस्थापनेला पेरतो तसे ट्रेमध्ये गहू पेरा, कोवळे कोंब तो आवडीने खाईल. बाल्कनीत मनीप्लांट असेल तर मात्र शेजाऱ्यांना देऊन टाका.

पट्टा घालून खाली सोसायटीच्या बागेत नेण्याचा विचार निदान सहा महिने नको. वाकड दूर आहे, तिथून तो पेठेत चालत पोचण्याची शक्यता फार कमी, पण तो निघेल मात्र त्याच दिशेने. जे लोक एक-दोन किलोमीटरवर घर बदलतात त्यांनी तर याहून जास्त जपावं. त्यांचं मांजर खरोखर जुन्या जागी जाऊन बसतं आणि वाटेत रस्ते ओलांडतं.

तरीही दार उघडं राहून तो निसटलाच, तर लांब शोधू नका. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हरवलेल्या मांजरांच्या मोठ्या पाहणीत सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं ५०० मीटरच्या आतच सापडली. आधी घरातलं वॉशिंग मशीन, सोफ्याच्या तळाचं कापड, किचन ट्रॉलीची मागची पोकळी आणि माळा बघा. मग तुमच्या मजल्याचा फायर जिना, त्याच्या वर-खालचे दोन-दोन मजले, शेवटी पार्किंगमधल्या गाड्यांच्या खाली. घाबरलेला बोका हाकेला ओ देत नाही, अगदी तुमच्या हाकेलाही नाही. रात्री दोननंतर, वर्दळ थांबल्यावर, टॉर्च घेऊन जमिनीलगत उजेड टाका, डोळे चमकतात. वॉचमनला त्याचा फोटो पहिल्याच दिवशी देऊन ठेवा.

आणि तीन वर्षांनी पेठेत परत जाल तेव्हा ती त्याच्या ओळखीची जागा नसेल. नवं सिमेंट, नवा रंग, अंगण नाही. त्यामुळे तेव्हाही हेच सगळं पुन्हा करा: कॅरियर, फडकी, मळकी गोधडी, एक खोली. त्या वेळी तो आठ वर्षांचा असेल, म्हणून निघण्याआधी रक्त आणि किडनीची तपासणी तेवढी जास्तीची करून घ्या.